दोघांनी ऐकलेलं पाखरू

लखीरामचे डोळे कधीच फार तेज नव्हते, आणि त्याचं त्यावाचून अडलंही नाही. किन्हीराजाच्या अलीकडे, माळाच्या कडेला जो तांडा आहे, तिथला हा माणूस. बाराव्या वर्षी लोकांच्या ज्वारीवर राखणीला उभा राहिला तो केस पिकेपर्यंत राखणच करत राहिला. राखणीचं काम उजाडायच्या आत सुरू होतं. त्या वेळी माळ्यावर, म्हणजे वावरातल्या मचाणावर, उभ्या असलेल्या माणसाला दिसत काहीच नाही, ऐकू तेवढं येतं. पोपट निघाले असतील तर गोफण लगेच फिरवायची, मुनिया असतील तर जरा दम धरायचा, कारण त्या आधी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवतात उतरतात. कोण येतंय, किती येताहेत, कुठल्या बाजूनं येताहेत, हे लखीरामला कानांनी कळायचं. गोफणीतला दगड त्यानं पाखराला कधी मारला नाही. रिकामी गोफण नुसती कडाडवली तरी थवा उठतो, असं तो म्हणे, आणि दगड मारणाऱ्या राखणदारांना मनातून अगदी कमी लेखी. गर्व होताच त्याला कानांचा. तेवढा एकच गर्व त्याच्या वाट्याला आला होता, म्हणून कुणी त्याचं वाईट वाटून घेत नसे.

रामकिसन गुरुजींची नि त्याची दोस्ती अशाच एका पहाटेची. गुरुजी किन्हीराजाच्या शाळेत मास्तर, घरची शेती, आणि पाखरांचं वेड असं की सोयरीक बघायला गेले तरी आधी अंगणातल्या झाडाकडे बघायचे. एका पहाटे ते आपल्या वावरात आले तर राखणदार माळ्यावर डोळे मिटून बसलेला. झोपा काढतोस काय, म्हणून ते चांगलेच तापले. लखीरामनं डोळे उघडलेच नाहीत. धुऱ्यावर वटवट्या बोलतोय, हिवराच्या झाडावर शिंजीर आहे, तलावाकडून दोन टिटव्या येताहेत, आणि तुमच्या पायाजवळ तरोट्यात लावा बसलाय तेवढा जपा, असं त्यानं शांतपणे सांगितलं. गुरुजींनी पाऊल उचललं नि लावा भुर्रकन उडाला. त्या दिवसापासून गुरुजींनी या माणसाला सोडलं नाही.

पुढे दोघांनी एक रीत पाडली. पोळा झाला की पहिल्या रविवारी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत हिंडायचं आणि जितक्या जातींची पाखरं भेटतील तितकी वहीत लिहायची. तलाव, बाभुळबन, ई-क्लासचं, म्हणजे सरकारी चराईचं, माळरान आणि शेवटी लखीरामच्या वावराचा धुरा, ही ठरलेली वाट. बक्षीस नाही, सत्कार नाही. भाकरी घरून न्यायची नि पाय दुखवून घ्यायचे. नियम मात्र एकच आणि कडक. एकट्याचं पाखरू वहीत जाणार नाही. दोघांना दिसलं किंवा दोघांना ऐकू आलं, तरच त्याचं नाव लिहायचं. या नियमापायी एका साली लखीरामनं एकट्यानं ऐकलेला रातवा गुरुजींनी लिहून घेतला नाही, तर पठ्ठ्या दसऱ्यापर्यंत त्यांच्याशी बोलला नव्हता. सोनं द्यायला गुरुजीच तांड्यात आले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मग सोयाबीन आलं, ज्वारी गेली, आणि ज्वारीबरोबर राखणही गेली. लखीराम काही वर्षं ऊसतोडीला जाऊन आला, गुडघे धरल्यावर तेही सुटलं. रविवार मात्र सुटला नाही. एका साली शहाऐंशी जातींची नावं लिहून झाली होती, ती त्यांची सगळ्यात मोठी वही. नंतर आकडा उतरायला लागला. चौऱ्याहत्तर झाला, मग एकोणसत्तर. दोघं म्हातारे संध्याकाळी धुऱ्यावर बसून वहीकडे बघत आणि फार बोलत नसत.

तीन वर्षांपूर्वी लखीरामच्या एकुलत्या एका मुलानं, धनराजनं, मालेगावहून पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप आणला. सोयाबीनवर अळीचं औषध मारलं आणि त्याच हातानं धुऱ्यावरच्या गवतावर तणनाशकही मारलं. आठ दिवसांत धुरा पिवळा पडला. त्यानंतरच्या रविवारी गुरुजी आणि लखीराम त्या धुऱ्यावर जाऊन बसले. चांगला तासभर बसले. टिटवी बोलली, होला घुमला, लांब कुठंतरी मोर ओरडला. पण वटवट्या नाही, शिंजीर नाही, फुलटोच्या नाही. गुरुजींनी विचारलं, तुला काही ऐकू येतंय का? लखीरामनं नाही म्हटलं आणि उलट त्यांनाच विचारलं. गुरुजींनीही मान हलवली. दोघांना ऐकू आलं तर पाखरू आहे, हा त्यांचा नियम होता. दोघांना ऐकू आलं नाही तर पाखरू नाही, हे त्या दिवशी दोघांनी न बोलताच धरून टाकलं.

लखीराम तिथून थेट तांड्यात आला. सेवालाल महाराजांच्या देवळापुढे चार माणसं बसली होती, धनराज त्यांच्यातच होता. बाप थेट त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. तू माझ्या वावराचा गळा दाबलास, तो म्हणाला, आजपासून तुझ्या घरचं पाणी मला नाही आणि त्या वावरात माझं पाऊल नाही. देवळापुढे बोललेला शब्द तांड्यात कुणी हलका धरत नाही. त्या संध्याकाळी लखीरामनं आपलं अंथरूण उचललं आणि गल्लीपलीकडच्या जुन्या झोपडीत नेऊन टाकलं. बायको चंदाबाई मागोमाग गेली खरी, पण शपथ नवऱ्यानं घेतली होती, तिनं नव्हे. ती दोन्ही घरी जायची, दोन्ही घरी जेवायची आणि दोन्ही घरी रडायची.

त्या वेळी धनराज नि त्याची बायको निता यांची मुलगी हेमला सहा महिन्यांची होती. आता ती साडेतीन वर्षांची झाली. समोरच्या दारात येऊन उभी राहायची, आजोबाकडे टक लावून बघायची आणि जराशानं आत निघून जायची. इतकी पोर डोळ्यांपुढे वाढली आणि तिनं एकदा म्हणून दादा, तांड्यात आजोबाला म्हणतात तशी, हाक मारली नाही, हे लखीरामच्या काळजात रुतून बसलं होतं. आईबापानंच शिकवलं असणार, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. चंदाबाईनं एक-दोनदा सांगून पाहिलं की पोर हाक मारते, तुम्हीच ओ देत नाही. लखीरामला वाटलं, ही समेट करायला खोटं बोलतेय. मोबाईल वाजतो आणि तुम्ही घेत नाही, असंही ती म्हणायची. तर त्यानं मोबाईल मालेगावला दुरुस्तीला नेला; दुकानदार म्हणाला, याला काही झालेलं नाही. दुकानदारही खोटाच ठरला.

आणि या चैत्रात गुरुजी गेले. शेवटच्या भेटीत त्यांनी लखीरामचा हात धरून ठेवला होता. आपल्या डोळ्यांदेखत माळ मुका झाला रे, एवढंच ते म्हणाले होते. लखीरामला रडू आलं नाही त्या दिवशी. राग आला, आणि तो सगळा धनराजवर आला.

पोळा झाला. या वर्षी रविवार येईल आणि जाईल, असं लखीराम धरून चालला होता. पण अंधार फिकट व्हायच्या वेळेला तांड्याच्या तोंडाशी एक स्कूटी येऊन थांबली. गुरुजींची लेक साधना. मालेगावात शिवणाचं दुकान चालवते, वय चाळिशीच्या पुढे, लहानपणी बापाचं बोट धरून या रविवारी कितीतरी वेळा हिंडलेली. खांद्यावर गुरुजींचीच पिशवी. आत वही, दोरीनं बांधलेली पेन्सिल आणि पट्टा तुटलेली दुर्बीण. आई म्हणाली वही रिकामी ठेवू नको, असं तिनं सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "काका, दोन माणसं लागतात ना? एक तुमी, एक मी."

लखीरामनं पटका बांधला.

सकाळ चांगली गेली. तलावावर पाणी भरपूर होतं. टिबुकल्या बुड्या मारत होत्या, अडया शिट्ट्या घालत उडाल्या, खंड्या तारेवर बसला होता, आणि गाळात पाय बुडवून दोन तुतवार हिंडत होते. ते पाहुणे इतक्या लवकर आले म्हणून लखीराम खुलला. पाण्यावरची पाखरं डोळ्यांची, त्यात साधनाची नजर बारीक आणि हातात दुर्बीण. त्यामुळे दोघांचं पटापट जमत गेलं. वाटेत पोळ्याच्या रंगानं शिंगं रंगवलेला एक बैल चरत होता, त्याच्या पाठीवर गायबगळा बसला होता. साधना म्हणाली, बाबा असते तर म्हणाले असते, हा बगळा पोळा बघायला आलाय. दोघंही थोडं हसले आणि हसल्याचं दोघांनाही जड वाटलं. दहा वाजेपर्यंत वहीत एक्केचाळीस नावं होती.

बाभुळबनात मात्र कुरबुर सुरू झाली. साधना थबकायची, बोट उचलायची, शिंपी म्हणायची. लखीराम कान द्यायचा. काही नाही. झुडूप गप्प. तो मान हलवायचा आणि ती वही मिटायची. पुढे तिला मुनिया ऐकू आल्या, मग नाचण, मग आणखी काहीतरी बारीक चिवचिवणारं, ज्याचं नाव तिला आठवेना. त्याला यातलं काहीच ऐकू आलं नाही. आलं तेव्हा काय आलं, तर भारद्वाजाचा घुमारा, कोतवालाची कचकच, सातभाईंचा कल्ला. ते सगळं अगदी स्वच्छ ऐकू येत होतं, त्यामुळे आपल्या कानांबद्दल शंका यायचं त्याला कारणच नव्हतं. पोरीला बापाची वही भरून दाखवायची आहे, म्हणून नसलेलं ऐकू येतंय, असं त्याला वाटलं. मालेगावच्या शिलाई मशिनीत कान बिघडले हिचे, असंही वाटलं. तो बोलला काही नाही, फक्त नियम सांगत राहिला. साधनानंही हुज्जत घातली नाही. नाव न लिहिता ती समासात एक टिंब द्यायची. दुपारपर्यंत नऊ टिंबं झाली.

कडुनिंबाखाली बसून दोघांनी भाकरी सोडली. ठेचा, कांदा, आणि साधनानं आणलेली पोळ्याची उरलेली पुरणपोळी. जेवता जेवता ती आपल्या बापाचं सांगत होती. शेवटच्या दोन-तीन वर्षांत टीव्ही इतका मोठ्यानं लावायचे की गल्लीत ऐकू जायचा. नातवंडं फोनवर बोलायची तर म्हणायचे, पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात आजकाल. लखीराम ऐकत होता. घास त्याच्या हातात राहिला होता, पण का राहिला ते त्याचं त्यालाही उमगलं नव्हतं. मग त्यानं तो खाल्ला आणि पाणी पिऊन उठला.

माळरान तुडवून, चंडोल आणि डोंबारी लिहून, ऊन उतरायच्या वेळेला ती दोघं त्याच्या वावराजवळ आली. धुऱ्यापासून दहा पावलांवर, माळाच्या हद्दीत, लखीराम खाली बसला. यापुढं मी येत नाही, तुला जायचं तर जा, असं त्यानं सांगितलं. साधनाला सगळी हकीकत ठाऊक होती. ती त्याच्याशेजारी बसली. वही चाळत म्हणाली, बाबांनी प्रत्येक वर्षी शेवटचं पान या धुऱ्यावर लिहिलंय. मग तिनं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काका, वटवट्या."

लखीरामला ते खपलं नाही. बाकी कुठंही ऐकू येवो पोरीला, पण इथं नाही. या धुऱ्यावर वटवट्या नाही हे त्याचं दुःख होतं, आणि त्या दुःखापायी त्यानं मुलगा सोडला होता.

"नाई पोरी," तो म्हणाला. "या धुऱ्यावर वटवट्या नाई. तीन वर्सं झाले."

साधनानं दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि हिवराचा शेंडा दाखवला.

दुर्बिणीशी त्याचं कधी जमलं नव्हतं. बराच वेळ नुसतं हिरवं हिरवं हललं. मग काटे दिसले, फांदी दिसली, आणि फांदीच्या टोकावर शेपटी उभारून बसलेलं, मुठीत मावेल एवढं पाखरू दिसलं. तो वटवट्याच होता. त्याचा गळा फुगत होता. चोच उघडत होती, मिटत होती, परत उघडत होती, आख्खं अंग त्या बोलण्यानं थरथरत होतं. ज्याला वटवटीवरून नाव पडलं ते पाखरू त्याच्यापुढे जीव तोडून बोलत होतं आणि लखीरामला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं.

त्याला आधी वाटलं, पाखरूच मुकं झालं. औषधानं झालं असेल. एवढा विचार त्याच्या मनात येऊन गेला, माणूस असा असतो. मग त्यानं दुर्बीण खाली केली आणि साधनाकडे बघितलं. ती मान किंचित कलती करून ऐकत होती. तिचा बाप असाच ऐकायचा.

"बोलून राह्यला का थो?" त्यानं विचारलं.

"हाव, काका. कवाचा."

"मोठ्यानं?"

साधनानं मान डोलावली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण तिलाही तेव्हाच कळलं. नुसतं काकांचं नाही, बापाचंही.

लखीरामला समासातली नऊ टिंबं आठवली. तीन वर्षांपूर्वीचा तो तास आठवला. दोन म्हातारी माणसं याच धुऱ्यावर बसून एकमेकांना विचारत होती, ऐकू येतंय का, आणि दोघंही खरं बोलत होती. जाड आवाज शाबूत होते, बारीक तेवढे निघून गेले होते, तेही इतक्या हळू की जाताना कळलं नाही. गुरुजी माळ मुका झाला म्हणून झुरत गेले. आणि आपण? आपण तर एका माणसाला चार माणसांत पाखरं मारणारा ठरवलं. लखीरामला शरम वाटली. आयुष्यात कानांवर जेवढा गर्व केला होता, तेवढीच शरम वाटली, आणि ती कुठे ठेवावी हे त्याला सुचेना.

साधनानं डोळे पुसले. लिहू का, असं तिनं विचारलं. वटवट्या पक्का आहे, तुम्हीही बघितला. पण बोरीत शिंपी बोलतोय, शिंजीर आहे, आणखी एक काहीतरी आहे, ते दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. एकटीचं कसं लिहू? नियम तिच्या बापाचा होता आणि तो मोडायला ती तयार नव्हती. दुसरा माणूस हवा होता.

दुसरा माणूस समोर होता. सोयाबीनच्या मधोमध धनराज शेंगा चाचपत वाकला होता, पाठीला पंप. साधनाच्या बापानं नियम केला, पण या पाखरांची नावं धनराजला लखीरामनंच शिकवली होती. पाच वर्षांचा असल्यापासून तो माळ्यावर बापाच्या मांडीत बसायचा आणि अंधारात ओळखून दाखवायचा. साधना हाक मारायला उठली तर लखीरामनं तिला खाली बसवलं. तो स्वतः उठला. धुऱ्यापाशी गेला, वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा आपल्या वावरात उतरला.

धनराजनं बापाला येताना बघितलं आणि पंप खाली ठेवला. अडतीस वर्षांचा माणूस, पण उभा राहिला तो शाळेत मास्तरापुढे उभा राहावा तसा. बाप आता काय बोलणार, ते त्याला माहीत नव्हतं. बापालाही नव्हतं.

"डोये मीट," लखीराम म्हणाला. "काय काय बोलून राह्यलं, ते सांग."

धनराजनं डोळे मिटले. वारा पडला होता. साधना वही घेऊन धुऱ्यापर्यंत आली होती.

"हिवरावर वटवट्या," धनराज सांगू लागला. "एक नाई, दोन हायेत. बोरीत शिंपी. त्याच्या वरतं शिंजीर." तो थांबला, त्यानं मान थोडी वळवली. "अन् फुलटोच्या, बा. हाये. पल्ल्याडच्या फांदीवर."

साधना लिहीत होती. तिची तिन्ही नावं जुळली होती, आणि तिला न ओळखू आलेल्या चौथ्याचंही नाव मिळालं होतं.

"मले यातलं एकबी ऐकू येत नाई," लखीराम म्हणाला.

धनराजनं डोळे उघडले. कधीपासून, असं त्यानं विचारलं. लखीरामनं सांगितलं की ते त्यालाही ठाऊक नाही, तीन वर्षं तर नक्कीच, आणि गुरुजींचंही तेच झालं होतं. हे सांगताना त्याची मान खाली होती, त्यामुळे त्याला पायाखालचं गवत दिसलं. धुऱ्यावर गवत होतं. पिवळं नव्हतं, गुडघ्याएवढं, दाट, मधे मधे तरोटा. सोयाबीनचं पहिलं तास, म्हणजे पहिली ओळ, धुऱ्यापासून चांगलं लांब होतं, मधली पट्टी मोकळी. इतका वेळ दहा पावलांवर बसून त्यानं ते बघितलंच नव्हतं. बघायचं नाही, असंच ठरवून बसला होता तो.

धनराजच्या ते ध्यानात आलं. तो हळू आवाजात म्हणाला, "त्या साली मारलं तेवढंच. मंग धुऱ्याले कवाच औषध लावलं नाई. चार तासं सोडून फवारतो."

"काहून सांगतलं नाई?"

"कोनाले सांगू? तुमी माह्याकडं पायतच नव्हते." इतकं बोलून तो गप्प झाला असता, पण तीन वर्षांचं साचलेलं होतं, ते थांबलं नाही. "माहं सोडा, बा. हेमला रोज दारातून हाक मारते तुमाले. दादा, दादा करते. तुमी मान बी वळवत नाई. निता म्हनते, एवढ्याशा लेकरानं काय केलं यायचं? काल पोरीनं मले इचारलं, दादाले मी आवडत नाई का?"

लखीराम तिथंच, मोकळ्या सोडलेल्या पट्टीत, खाली बसला. दारात येऊन उभी राहणारी, टक लावून बघणारी आणि मग आत निघून जाणारी पोर त्याच्या डोळ्यांपुढे आली. ती नुसती बघत नव्हती. ती हाक मारून ओ यायची वाट बघत होती, आणि ओ आली नाही की जात होती. असे किती दिवस गेले असतील, याचा हिशेब त्याला करवेना. तो रडला. लेकापुढे, गुरुजींच्या लेकीपुढे, तोंड झाकून न घेता रडला. धनराज शेजारी बसला. तो बापाला काय बोलला ते तांड्याच्या बोलीत आणि अगदी हळू बोलला. साधनाला कळलं नाही, आणि लखीरामला कितपत ऐकू आलं कुणास ठाऊक. पण धनराजनं बापाच्या पाठीवर हात ठेवला होता, तो बराच वेळ तिथंच होता.

ऊन पार उतरल्यावर साधनानं बेरीज केली. सत्तर. बाकीची टिंबं तशीच राहिली, कारण नियम तो नियम. बाभुळबनातली पाखरं पुढच्या साली परत ऐकावी लागणार होती. त्यासाठी धनराजला घेऊन जा, मी तलावापुरता येईन, असं लखीरामनं सांगितलं. हे सांगताना त्याला किती जड गेलं असेल ते ज्याचं त्यानं समजावं.

मग तिनं वहीचं मागचं पान काढलं. गेल्या वर्षी याच जागेवर गुरुजींनी लिहिलेलं. सहासष्ट, आणि त्याखाली वाकड्या अक्षरांत: धुऱ्यावर काही उरलं नाही, माळ मुका झाला. ती ओळ खोडून टाकू का, असं तिनं विचारलं. बापाच्या हातची चूक वहीत राहावी, हे तिला बरं वाटत नव्हतं.

लखीरामनं पान हातात घेतलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण गुरुजींचं अक्षर त्याच्या ओळखीचं होतं. त्यावरून त्यानं एकदा बोट फिरवलं.

"खोडू नको," तो म्हणाला. "खरंच लिहिलं त्यायनं, जसं ऐकू आलं तसं. त्याच्या खाली लिही. पाखरं व्हती. आमी म्हातारे झालो व्हतो."

साधनानं तसंच लिहिलं. दुसरा माणूस म्हणून त्यानं त्याखाली अंगठा टेकवला. पेन्सिलीचा अंगठा उमटत नाही, पण कुणी तसं म्हणालं नाही. गुरुजींना हे सांगता आलं असतं तर, असं तो एकदाच म्हणाला, आणि तिघंही तांड्याकडे निघाली.

गल्लीच्या तोंडाशी साधनानं निरोप घेतला. अंधाराच्या आत तिला मालेगाव गाठायचं होतं. धनराज पुढे गेला, हातपाय धुवायला. लखीराम गल्लीत उभा राहिला. उजव्या हाताला त्याची झोपडी, चंदाबाई चुलीपुढे. डाव्या हाताला मुलाचं घर. निता पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. धनराजनं आत जाऊन काहीतरी सांगितलं असावं, कारण तिनं पदर डोळ्यांना लावला होता. देवळापुढे घेतलेला शब्द होता. तो देवळापुढेच जाऊन परत घ्यावा लागेल, चार माणसांत, आपली चूक सांगून. ते तो उद्या करणार होता. तोवर पाणी पिता येणार नव्हतं, आणि तांब्या बघून घशाला कोरड पडली होती.

तेवढ्यात नितामागून हेमला दारात आली. रोजच्यासारखी उंबऱ्यावर उभी राहिली, रोजच्यासारखी त्याच्याकडे टक लावून बघायला लागली. तिचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

लखीरामला काहीच ऐकू आलं नाही. पण त्यानं ओ दिली.